तिसऱ्या मजल्यावरची मोरी

९ नोव्हेंबर १९९८, सोमवार

मी तानुबाई. वय सत्तरीच्या पुढे कुठेतरी. आज सकाळच्या एसटीने चांदवडच्या अलीकडच्या आमच्या वाडीवरून निघाले आणि दुपारी नातीच्या घरी, नाशिक रोडला पोचले. पोचल्यापोचल्या मला डायरी लिहायला बसवलंय. मला अक्षर येत नाही, तेव्हा लिहिते ती हर्षाली, माझी नात. तिला बाळंतपणात दिवसा झोपवत नाही आणि कुणीतरी भेट दिलेली कोरी डायरी घरात पडून आहे, म्हणून ही करमणूक. म्हणाली, आजी, तू सांग, मी उतरवून घेते, तुझे उपाय तुझ्याबरोबर जायला नकोत. मी म्हटलं, इतक्यात मला कुठं धाडतेस. मी 'लय' म्हणते आणि ती 'फार' लिहिते. या वयात माझं बोलणं शाळेत घातलं पोरीने.

सोबत आणलं ते असं: अळीव, डिंक, बाळंतशोपा, वावडिंग, माझा पाट आणि गोवऱ्यांची अर्धी गोणी. ती गोणी महेशने, म्हणजे नातजावयाने, तिसऱ्या मजल्यापर्यंत वाहिली. दर मजल्याला थांबून तो म्हणत होता, आजी, घरात गॅस आहे. मी म्हटलं, जावईबापू, गॅसवर बाळ शेकता येत नाही, आणि जिना काही मी बांधलेला नाही. प्रेसमध्ये नोकरीला आहे, टापटिपीचा माणूस. गोणी टेकवली आणि आधी हात धुऊन आला.

घर उजेडाचं आहे. मोरी तर अशी पांढऱ्या फरशीची, की पाय ठेवायला लाज वाटावी. कोपऱ्यात स्टीलची गोल जाळी. पाणी यातून कुठं जातं विचारलं. महेश म्हणाला, पाइपात. पाइपातून कुठं, तर म्हणाला, खाली. पुढे त्यालाही माहीत नव्हतं. आमच्याकडे बाळाच्या अंघोळीचं पाणी अळूच्या वाफ्यात जातं. निदान दिसतं तरी.

बाळ तीन दिवसांचं. मुलगी. नाक माझ्या आशाचं. आशा, हर्षालीची आई, सहा वर्षांपूर्वी गेली, नाहीतर हे बाळंतपण तिच्या हातचं. हर्षालीची आधीची दोन पोटातच गेली. ही तिसरी, लग्नानंतर सात वर्षांनी आलेली. मी चाळीस वर्षं गावात सुईणीचं काम केलं, किती बाळं झेलली ते मोजलं नाही, पण हिला हातात घेतलं आणि हिची बोटं दोनदा मोजली. हर्षाली लिहिता लिहिता रडते आहे. तेही लिही म्हटलं, तर लिहीत नव्हती.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

अंघोळीचं बस्तान नीट बसलं. दहा वाजता मोरीत पाट टाकते, पाय पसरून बसते, बाळ पायांवर. आधी तेल, मग डाळीचं पीठ, मग पाणी. बाई सुरुवातीला रडते आणि टाळूवर पाणी पडलं की गप्प होऊन मला बघत बसते, जणू तीच माझी परीक्षा घेते आहे. मग गोवरीच्या निखाऱ्यावर वावडिंगाची धुरी. धूर शेजारी जातो म्हणून महेश खिडकी लावतो, आणि घरात कोंडतो म्हणून उघडतो. त्याचा तेवढा व्यायाम होतो.

आज नाळेचा देठ गळून पडला. बेंबी कोरडी, छान. हर्षालीने विचारलं, आता त्या देठाचं काय करायचं. मी म्हटलं, ते घरातल्या थोरल्या बाईचं काम, बाळंतिणीला सांगत नसतात, तू आपली अक्षरं काढ. ती रुसली.

१८ नोव्हेंबर, बुधवार

मोरीत चिलटं झाली आहेत. केळ्यावर घोंगावतात ती नव्हेत. ही काळपट, अंगावर लव असलेली, पंख छपरासारखे पसरून भिंतीला चिकटून बसणारी. उडतात तेही आळशासारखी, वीतभर जाऊन परत बसतात. बोट लावलं की राख होते. महेशने पेपरची सुरळी करून सकाळी सगळी भिंत झोडपली, पांढऱ्या फरशीवर राखेचे ठिपके उठले, ते त्याने साबणाने पुसले. दुपारी पुन्हा तितकीच. मी म्हटलं, जावईबापू, तुमच्या शिफ्टसारखंच आहे त्यांचं, एक पाळी गेली की दुसरी हजर. तो हसला नाही.

२१ नोव्हेंबर, शनिवार

खालच्या मजल्यावरच्या लताबाई काल येऊन गेल्या. शाळेत मास्तरीण होत्या, आता रिटायर, पण बोट अजून वर करूनच बोलतात. त्यांच्या मोरीत एक चिलट नाही. म्हणाल्या, जाळीखाली वाटीसारखं असतं, त्यात पाणी कायम साचून राहतं, म्हणजे गटाराचा वास वर येत नाही. त्या वाटीत साबण, तेल, पीठ साचून शेवाळासारखा थर धरतो, त्यात या माश्या अंडी घालतात. आधी खात्री करा. जाळीवर चिकटपट्टी लावून ठेवा, सकाळी पट्टीला माश्या चिकटल्या तर इथूनच येतात. मग तारेच्या ब्रशने थर खरवडायचा आणि उकळतं पाणी ओतायचं, आठवडाभर, रोज.

तशी पट्टी काल लावली होती. आज सकाळी ती आतून काळी झाली होती, इतकी की चिकटायला जागा उरली नव्हती. आणि मधोमध वर फुगली होती, भरल्या पोटासारखी.

महेश ब्रश घेऊन बसला. मी म्हटलं, खरवडू नका, आपोआप जातील. दोघंही माझ्याकडे बघत राहिली. बाळाच्या दुपट्याला एक सुरकुती चालत नाही त्या म्हातारीला मोरीतली घाण कशी चालते, असं हर्षाली म्हणाली. मी दुपट्याची घडी मोडून पुन्हा घातली.

दुपारी बाळाचं दुपटं सोडलं तर बेंबीभोवती चिलटं बसलेली. गोल करून, एकाला एक लागून. तोंडावर एक नाही, दुधाच्या डागावर एक नाही. फक्त तिथे.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी महेशने शिफ्टला जायच्या आधी दोन पातेली पाणी उकळलं आणि मला न विचारता मोरीत ओतलं. बाळ माझ्या मांडीवर झोपलेलं. ते असं किंचाळलं की हर्षाली बाळंतिणीच्या अंगाने धावत आली. पोट लाल, बेंबीपासून चारी बाजूंनी, भाजल्यासारखं. मी हातात काही धरलं नव्हतं. शेगडी विझलेली होती.

डॉक्टर म्हणाले, शेक जास्त झाला. माझ्याकडे बघून म्हणाले. महेशने गोवऱ्यांची गोणी उचलून खाली नेऊन टाकली. या वेळी एकदाही थांबला नाही.

चिलटं मात्र सगळी मेली. हर्षाली म्हणते, आजी, निदान तेवढं तरी झालं.

२५ नोव्हेंबर, बुधवार

दुप्पट झाली आहेत.

आज मला काही सांगायचं नाही. हर्षाली विचारते, काय लपवतेस. ती माझ्या आशासारखीच विचारते, खाली बघून.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

आजपासून लताबाई लिहितात, खाली त्यांच्या घरी बसून. डायरी त्यांच्याकडे राहील. हर्षालीला सांगितलं, उपाय लांबलचक आहेत, तुझे डोळे दुखतील. लताबाई, मी सांगते ते पुरं लिही आणि मधे बोट वर करू नको.

आमच्यात नाळेचा देठ बाळाच्या न्हाणीच्या पाण्याखाली मातीत पुरतात. हळद लावून. सासू म्हणायची तेच मी म्हणते: पाण्यापाशी ठेवला, आता वाढ. बाळ भरतं त्याने. चाळीस वर्षं पुरत आले. त्या दिवशी मी देठ पदरात बांधून जिना उतरले, तर खाली इकडून तिकडे सगळं सिमेंट. गाड्यांच्या खाली सिमेंट, टाकीखाली सिमेंट. एक मूठ उघडी जमीन नाही. वॉचमन विचारायला लागला, आजी, काय हरवलं. मी वर आले. तुळशीच्या कुंडीतली माती घेतली, मोरीची जाळी उचलली, वाटीत माती ठेवली, तिच्यात देठ दाबला आणि जाळी लावली. पाणी तर इथंच पडतं, म्हटलं. मग मी म्हटलं, वाढ.

गावाकडे पाणी वरून वाहून जातं, मग ऊन पडतं. महिन्याभरात देठ माती होतो. इथं वाटीतलं पाणी कधी सुकत नाही, तू स्वतःच सांगितलंस. मी त्याला वाढ म्हणून बसले आणि त्याला थांबवायला ऊनच नाही.

लताबाई लिहायची थांबली आहे. म्हणते, तानुबाई, बाळाला पुरळ आलंय, तुम्हाला वाईट वाटतंय म्हणून असं वाटतं. म्हणून मग मी तिला वर नेलं. हर्षाली न्हाऊन केस पुसत होती. लताबाईला बाळापाशी बसवलं आणि मी मोरीत एक तांब्या थंड पाणी ओतलं. बाळाला उचकी लागली. मी थांबले, उचकी थांबली. पुन्हा ओतलं. पुन्हा लागली. चार वेळा केलं.

लताबाईने पेन पुन्हा उचललं. लिहिते आहे.

२९ नोव्हेंबर, रविवार

महेशला सुट्टी. मी देवाला दिवा लावत होते तेवढ्यात त्याने अर्धी बाटली फिनेल ओतलं.

बाळाने दूध टाकलं. पांढरं, आणि वास फिनेलचा. हर्षालीला वाटलं तोंडात काही गेलं. कुठून जाणार, लताबाई, ती पाळण्यात होती. हातपाय गार पडले, ओठ निळे. दवाखान्यात सहा तास ठेवलं. त्यांना काही सापडलं नाही. महेशने तिथल्या बाकावर डोकं धरून मला विचारलं, आजी, तुम्ही तिला काय चाटवलंत. चाळीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

घरी आलो तर सगळी भिंत काळी. आता ती उडतही नाहीत. पंख उघडतात, मिटतात, सगळी एकदम. मी नीट पाहिलं. पाळण्यात बाळाचं पोट वरखाली होतं, त्याच लयीत.

१ डिसेंबर, मंगळवार

ठरवलं, देठ काढून घ्यायचा. ज्या हाताने ठेवला त्याच हाताने. मग कुठेतरी माती बघून, उन्हात ठेवून, त्याला म्हणेन, पुरे झालं बाबा.

हर्षाली झोपली तेव्हा जाळी उचलली. जाळीच्या आतून चिलटं लोकरीसारखी चिकटलेली. त्यांच्यात हात घातला. देठ एवढासा ठेवला होता, वाळलेला, मेथीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. हाताला लागलं ते बोटाएवढं जाड. ओलं. पिळाचं. मला ते बघावं लागत नाही, लताबाई, अंधारातही ओळखीन. बाळ बाहेर आलं की असतं तसं. खाली पाइपात गेलेलं. किती खोल, माहीत नाही.

आणि ठोके पडत होते.

मी हात काढून घेतला. भ्याले. इतक्या बायका सोडवल्या, कधी भ्याले नव्हते.

बाळाची बेंबी पुन्हा उघडली आहे. ओली. पहिल्या दिवशी असते तशी.

३ डिसेंबर, गुरुवार

दोघांना सगळं सांगितलं. महेश ऐकत राहिला. मग मऊ आवाजात म्हणाला, आजी, शनिवारी मी तुम्हाला एसटीत बसवून देतो. उद्या शिफ्टवरून येताना अ‍ॅसिड आणतो आणि हा विषय संपवतो. मी पाया पडले. नातजावयाच्या पाया पडले, लिही. तो मागे सरला.

हर्षालीला म्हटलं, पाणी ओतून बघू, तू बाळाकडे बघ, एकच तांब्या. ती म्हणाली, माझ्या बाळावर प्रयोग नको. माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. आतल्या खोलीची कडी लावली.

कढत पाण्याने पोट भाजलं. फिनेलने ओठ निळे झाले. अ‍ॅसिडने काय —

लताबाई म्हणते, बाळाला घेऊन दुसरीकडे जा. कुठे नेऊ. दवाखान्यात नेलं होतं, तिथेही ओठ निळेच होते. अंतर त्याला कळत नाही.

४ डिसेंबर, शुक्रवार

मोरीत बसले आहे. लताबाई उंबऱ्यात, डायरी गुडघ्यावर. महेश तीनला सुटतो. आता दोन वाजून गेले, लताबाईचं घड्याळ म्हणतं.

एकच मार्ग आहे. मला येतो तोच. नाळ कापायची. दोन ठिकाणी दोरा, मधे ब्लेड. बाळाच्या बाजूची गाठ पक्की, मग खाली काहीही ओतोत. ब्लेड उकळून घेतलं. दोरा घरातलाच, सुती.

हर्षाली दार उघडत नाही. आतून म्हणाली, आजी, तू आराम कर. वेड्या माणसाशी बोलतात तशी.

जाळी काढली. हातावर चिलटं बसली. कोपरापर्यंत. बसू देत —

लागली हाताला. मंगळवारपेक्षा जाड. वर ओढते. येते आहे. हातभर आली. दोन हात. लताबाई, बघू नको, लिही. अजून येते. फरशीवर वेटोळं झालं, तरी खाली ताणलेलीच —

आतून हर्षालीचा आवाज. बाळ हसतंय म्हणते. झोपेत हसतंय.

ठोके थांबायची वाट बघायची असते. आधी थांबतात, मग कापायचं. सासूने शिकवलं. थांबत नाहीत. मी किती वेळ धरून —

लताबाई म्हणते, पावणेतीन.

पहिली गाठ मारली. हर्षाली काही ओरडली नाही. बरं आहे. दुसरी गाठ —

मी थांबले. एक गोष्ट लक्षात आली. नाळेला एका अंगाला बाळ असतं, दुसऱ्या अंगाला वार. वार म्हणजे ज्याच्यावर बाळ जगतं ते. खालून ओढ लागते आहे. वार ओढत नसते, लताबाई. पाय मारतं ते बाळ.

मग वरचं —

नाही. वरचं माझं बाळ आहे. नाक आशाचं आहे.

बेल वाजली. महेश लवकर आला. लताबाई, उठू नको. हर्षाली खोलीतून येऊन बाहेरचं दार उघडते आहे, कडी वाजली. तो बाटली घेऊन थेट इकडेच —

दुसरी गाठ मारली. घट्ट आहे. कापते. हे बघ, मऊच आहे, नेहमीसारखी —

कापली. सुटलं. खालचं टोक आत गेलं, हातातून सर्रकन —

चिलटं पडली सगळी. एकदम. भिंत पांढरी.

महेश मोरीच्या दारात उभा आहे, हर्षाली परत आत बाळापाशी गेली. तोही ऐकतो आहे.

रडलं.

पहिलं रडणं मला कळतं. छातीत वारा शिरल्यावरचं, ओलं, खरखरीत. हे पहिलं रडणं आहे. जाळीखालून येतंय. खोलीतून नाही. खोलीत काहीच — हर्षाली का बोलत नाही. हर्षाली. लताबाई, तू जा, डायरी ठेव आणि आधी पाळण्यात बघ, ती